नावं ठेवायला जागा असलेलं हॉटेल

अकोल्याहून खामगावच्या रस्त्याला लागलं की शेगावसाठी आत वळावं लागतं, त्या बाजूच्या एका फाट्यावर हे हॉटेल आहे. फाट्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या नावाचे दोन फाटे आहेत आणि तुम्ही हमखास दुसऱ्यावर उतराल. खूण सांगतो. डाव्या हाताला मोठा कडुनिंब, त्याखाली टिनाचं शेड, शेडच्या खांबाला टांगलेला ट्रॅक्टरचा जुना टायर. हॉटेल म्हणजे खायचं हॉटेल. मुक्कामाला खोली पाहिजे असेल त्यांनी सरळ शेगाव गाठावं.

पाटी नाही. होती, ती दोन पावसाळ्यांमागं वादळात उडाली. मालकानं ती परत लावली नाही, कारण तिच्यावर 'श्री गजानन' लिहिलेलं होतं आणि त्या रस्त्यावर त्या नावाच्या अकरा पाट्या मी स्वतः मोजल्या आहेत. रसवंती, पंक्चरवाला, कृषी केंद्र, झेरॉक्स, सगळे गजानन. मालकाचं नावही गजानन. माझंही. चहा पीत बसलेल्या आठ माणसांत 'ओ गजाननभाऊ' अशी हाक मारून पाहा, तीन माना वळतील.

मी एकतीस वर्षं ग्रामीण डाक सेवक होतो. सायकलवर पाच गावं केली आणि पासष्टाव्या वर्षी थैली खाली ठेवली. म्हणून या हॉटेलबद्दल लिहायचा हक्क माझा थोडा जास्त आहे असं मला वाटतं. तो का, ते पुढं येईलच.

आधी पोटाचं. आलूबोंडा पंधरा रुपयांना एक, मुठीएवढा. बेसन पातळ, आतल्या आलूत लसूण, हिरवी मिरची आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, हात राखून टाकलेला नाही. सोबत तळलेली मिरची मीठ लावून. चण्याची तर्री वरून घेतली तर पाच रुपये जास्त. ही तर्री दिसते लाल, पण लागते नरम, आणि ही माझी पहिली तक्रार. यात्रेकरू पुण्या-मुंबईकडचे येतात म्हणून तिखट कमी केलं असं मालक सांगतो. मग गावच्या माणसांनी काय करावं? पोहे सकाळी साडेनऊपर्यंतच, नंतर मागू नका, तळाची खरवड मिळते. चहा गोड. साखर कमी सांगितली तर पोऱ्या मान हलवतो आणि त्याच पातेल्यातला ओततो. पाणी रांजणातलं थंड आहे, ओगराळं वेगळं ठेवलेलं आहे, बरं वाटलं. बाकं दोन, त्यातलं एक डुगडुगतं. बायांसाठी आडोशाची सोय नाही आणि ही तक्रार तर्रीपेक्षा मोठी आहे. पायी दिंड्यांच्या दिवसांत शेकडो बाया याच रस्त्यानं चालत येतात.

आता भिंत.

मालकाचा मुलगा चार वर्षं अकोल्यात अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षा देत होता. पोस्ट मिळाली नाही. उरलं ते सामान्य ज्ञान, ते त्यानं परत येऊन बापाच्या हॉटेलच्या भिंतीला लावलं. गजानन महाराजांचा मोठा फोटो आधीपासून होता, हार घातलेला, उदबत्तीच्या धुरानं काच पिवळी पडलेली. पोरानं समोरच्या भिंतीवर रांगेनं फ्रेमा लावल्या आणि वर खडूनं लिहिलं, गजानन. पहिल्या फ्रेममध्ये ग. दि. माडगूळकर. दुसरीत गजानन माधव मुक्तिबोध, घरात मराठी बोलणारा आणि हिंदीत कविता लिहिणारा माणूस, काही वर्षं नागपुरात रेडिओत आणि वृत्तपत्रात काढलेला. तिसरे गजानन जागीरदार, नट आणि दिग्दर्शक, जन्म आपल्या अमरावतीचा, १९०७ सालचा, पुढं पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे पहिले प्राचार्य. चौथे भावगीतं गाणारे गजानन वाटवे, पाचवे व्हायोलिन आणि गळा दोन्ही चालवणारे गजाननबुवा जोशी.

फ्रेमा लागल्या त्या आठवड्यात बरीच बोलाचाली झाली म्हणे. सिनेमातला माणूस महाराजांच्या हॉटेलात कशाला, असं एका वारकऱ्याचं म्हणणं. पोरानं त्याला सांगितलं, "बाबा, महाराज त्या भिंतीवर हायेत, हे लोकं या भिंतीवर. मधात रस्ता हाय." आणि खरोखरच मधून गिऱ्हाइकांची ये-जा चालते.

मला मात्र त्या दोन भिंतींकडं पाहताना वेगळंच सुचतं. २३ फेब्रुवारी १८७८ ला महाराज शेगावात दिसले तेव्हा त्यांचं नाव, गाव, आईबाप, काहीच कोणाला ठाऊक नव्हतं. 'गण गण गणात बोते' म्हणत म्हणून लोकांनी गजानन म्हणायला सुरुवात केली. म्हणजे पत्ताच नसलेला माणूस, आणि आज त्याच्या नावावरून वऱ्हाडात घरटी एक गजानन निघतो. त्यातला एक मी. पोस्टाच्या दृष्टीनं यापेक्षा अवघड काही नाही.

कारण सांगतो. माझ्या पाच गावांपैकी एकात एकाच आडनावाचे तीन गजानन होते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सुरतहून दोनशे रुपयांची मनीऑर्डर आली. मी नेऊन दिली. नाव बरोबर, आडनाव बरोबर, पोरगं सुरतला गिरणीत तेही बरोबर, बाप मात्र चुकीचा. त्या गजाननानंही बिचाऱ्यानं आपल्याच पोरानं पाठवले समजून अंगठा दिला आणि त्याच दिवशी युरियाची दोन पोती आणली. आठ दिवसांनी खरा बाप दारात उभा. पैसे मी खिशातून भरले. चूक माझीच होती, मी गजाननाच्या बापाचं नाव वाचलंच नव्हतं. तेव्हापासून नुसतं नाव सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

तर पोरानं भिंतीसोबत एक स्कीम काढली आहे. फळ्यावर लिहिलंय: एक नाव, तीन माणसं, तीन धंदे, चहा फुकट. दोन माणसं निघाली तर कट, म्हणजे अर्धा चहा. आडनाव चालणार नाही.

ती शेवटची ओळ तेंडुलकरांमुळं आली. एका गिऱ्हाइकानं विजय आणि सचिन, एक नाटककार एक फलंदाज, असं सांगून कट मागितला. पोरगं म्हणालं, "भाऊ, आडनाव त फुकटात भेटते. त्याच्यावर आनखी चहा फुकट कायले द्यायचा?" नावसुद्धा फुकटातच मिळतं, हे कोणी त्याला सांगितलं नाही. पण निकाल मला पटला. आडनाव म्हणजे पिनकोडचे पहिले तीन आकडे. नुसतं ४४४ लिहून टाकलं तर पत्र अकोल्याला येईल, शेगावला येईल की अमरावतीला, देव जाणे. ४४४००१, ४४४२०३, ४४४६०१, फरक शेवटच्या तिघांत आहे.

मी हे बोललो आणि तिथंच माझं नशीब उघडलं. पोरगं म्हणालं, "काका, पिनकोड कोनं काढला, माहीत हाय का?" मला माहीत नसेल तर कोणाला! श्रीराम भिकाजी वेलणकर. डाकतार खात्यातले मोठे अधिकारी, आपले मराठी. १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिन चालू झाला तो त्यांच्यामुळं. एकाच नावाची गावं देशभर पसरलेली, अक्षर वाचता न येणारं, भाषा वेगळी, म्हणून पत्रं भरकटायची. बिलासपूर छत्तीसगडातही आहे आणि हिमाचलातही. हमीरपूर उत्तर प्रदेशातही आणि हिमाचलातही. म्हणजे सारख्या नावांच्या गोंधळावर देशातला सगळ्यात मोठा उतारा काढणारा माणूस हा, आणि फावल्या वेळात संस्कृत कविता लिहिणारा.

"श्रीराम!" पोरानं खडू उचलला. "दुसरा सांगा." मी श्रीराम लागू म्हणालो. तिसरा काही केल्या सुचेना. मी युक्तिवाद केला की लागू आधी कान-नाक-घशाचे डॉक्टर होते आणि मग पूर्ण वेळ नट झाले, म्हणजे दोन धंदे झाले, वेलणकरांचेही दोन, एकूण चार. पोरगं म्हणालं, "एक मानूस, एक शीट. एसटीत दोन तिकिटं काढली म्हनून दोन मानसं होत नाईत." मग त्यानंच तिसरा सांगितला, श्रीराम अभ्यंकर, अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात शिकवणारे गणिती, बीजभूमितीतलं मोठं नाव. आणि तिसरा त्यानं सांगितला म्हणून चहाचे पैसे घेतले. ही माझी तिसरी तक्रार समजावी.

चंद्रशेखर या नावाचीही रांग भिंतीवर आहे आणि मुलं तिच्यापुढंच जास्त थांबतात. आझाद आहेत, मिशीवर हात ठेवलेले. खगोलशास्त्रज्ञ सुब्रमण्यन चंद्रशेखर आहेत, १९३० साली एकोणिसाव्या वर्षी बोटीनं इंग्लंडला जाताना ज्यांनी मरणाऱ्या ताऱ्यांचं गणित मांडलं आणि त्याचं नोबेल १९८३ मध्ये मिळालं. पंतप्रधान चंद्रशेखर आहेत. त्याच १९८३ साली ते कन्याकुमारीहून दिल्लीपर्यंत पायी चालत गेले होते, हे ऐकल्यावर दिंडीतले म्हातारे एकदम खूश होतात. "मंग हा आपल्यातलाच," म्हणतात. आणि लेगस्पिनर बी. एस. चंद्रशेखर. लहानपणी पोलिओ झालेल्या उजव्या हातानं कसोटीत २४२ बळी घेतले आणि फलंदाजीत धावा केल्या १६७. धावांपेक्षा बळी जास्त. हे कोडं पोरगं प्रत्येक शाळकरी मुलाला घालतं आणि उत्तर आलं तर पापडी देतं. एक बारीक गोष्ट मी त्याच्या लक्षात आणून दिली. दक्षिणेत पुष्कळदा बापाचं नाव आधी आणि स्वतःचं शेवटी लिहितात. त्यामुळं शास्त्रज्ञाचं चंद्रशेखर हे आडनाव नाही, नावच आहे, फळ्यावरचा नियम मोडलेला नाही. तिकडच्या पोस्टमनला बापाचं नाव सगळ्यात आधी वाचावं लागत असणार. माझे दोनशे रुपये वाचले असते.

रविशंकर चार आहेत. सतारवाले पंडितजी. श्री श्री. मग रविशंकर शुक्ल, जे नागपूर राजधानी असताना मध्यप्रांत-वऱ्हाडचे मुख्यमंत्री होते, आणि १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात गेलो तेव्हा तिकडं मध्य प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री झाले. चौथे गुजरातेतले रविशंकर महाराज. १ मे १९६० ला इकडं महाराष्ट्र झाला तसं तिकडं गुजरात राज्याचं उद्घाटन या साध्या समाजसेवकाच्या हातून झालं. चौघांपैकी श्री श्रींचं मला पटतं. दोनदा श्री लावलं की पत्र सतारवाल्यांकडं जात नाही.

पण ज्या फ्रेमांपुढं मी बसतो त्या दोनच आहेत. शरद जोशी आणि शरद जोशी. इथं नावही तेच, आडनावही तेच, अगदी माझ्या सुरतच्या मनीऑर्डरीसारखं. एक शेतकरी संघटनेचे, दुसरे उज्जैनचे हिंदी व्यंगकार, 'ये जो है जिंदगी' मालिकेचे संवाद लिहिणारे, १९९० सालचे पद्मश्री. कवी संमेलनात कवींच्या मधे उभं राहून गद्य वाचायचे आणि लोक कवींपेक्षा त्यांनाच जास्त ऐकायचे. डुगडुगत्या बाकावर दुपारी जे बसतात त्यांच्यातल्या दोघांच्या शर्टाला अजून संघटनेचा लाल बिल्ला असतो. कापसाच्या भावाचं बोलणं निघालं की ते फोटोकडं हात करतात. त्यातल्या एकानं मागं कोणाला तरी शहरातून 'शरद जोशींचं पुस्तक' आणायला सांगितलं. आलं ते हिंदी. नेत्यानं हिंदीतही लिहिलं असेल असं समजून त्यानं चाळीस पानं वाचली. "हसू लय आलं," तो मला म्हणाला, "पन कापूस कुठीच सापडला नाई."

त्या बाकावरच्यांना मी एक गोष्ट सांगितली, ती त्यांनाही ठाऊक नव्हती. त्यांचे शरद जोशी आधी आमच्या खात्यातले. भारतीय डाक सेवेतले अधिकारी, पुढं स्वित्झर्लंडला बर्नमध्ये जागतिक टपाल संघटनेत नोकरी. १८७४ साली स्थापन झालेली संस्था, साऱ्या देशांचं टपाल एकमेकांत कसं जावं ते ठरवणारी. ते सोडून हा माणूस चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करायला आला. बिल्लेवाले गप्प झाले. मग एक जण म्हणाला, "म्हंजे पोस्टमन काका, तुमचाच साहेब!" त्या दिवशी माझ्या बोंड्याचे पैसे त्यांनी दिले. स्कीममध्ये दोनच माणसं म्हणून कट मिळाला असता तो वेगळाच.

चुकाही आहेत. वाटव्यांच्या नावाखाली चार महिने भलत्याच कोणाचा फोटो होता, नेटवरून काढलेला. पत्र बरोबर आणि पाकीट चुकीचं. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा रागावलो, तेव्हा बदलला. खालच्या मजकुरात ऱ्हस्व-दीर्घ वाऱ्यावर आहे. आणि पैसे ऑनलाइन देणाऱ्यांनी जपून. मी एकदा पंच्याऐंशी रुपये फोनमधून पाठवले ते डेअरीवाल्या गजाननाला गेले. त्यानं परत केले नाहीत, दोन लिटर ताक पाठवून दिलं. आता पाठवण्याआधी मी मालकाला बापाचं नाव विचारतो. तो हसतो, पण सांगतो.

मागच्या महिन्यात गुरुवारी शेगावहून परतताना बायकोला घेऊन थांबलो. तिनं बोंडा खाल्ला, भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि पोराला विचारलं, "काहून रे बापू, यात एकही बाई नाही?" पोरगं गडबडलं. म्हणालं, "काकू, बायांचे एकसारख्या नावाचे तिघी सापडत नाईत." ती म्हणाली, "रमाबाई लिही." आणि तिथंच बाकावर बसून बोटं मोजली. पंडिता रमाबाई, केडगावला मुक्ती मिशन काढलेल्या, बायबल मराठीत आणलेल्या. रमाबाई रानडे, सेवासदनवाल्या. रमाबाई आंबेडकर. आणि वर माधवराव पेशव्यांच्या रमाबाई, त्या चौथ्या, पाहिजे तर घे. तिला हे सगळं कुठून ठाऊक, तर ती अंगणवाडीत सव्वीस वर्षं होती आणि तिथं जयंत्या-पुण्यतिथ्या सोडून दुसरं असतं काय, असं तिचं म्हणणं. पोरानं फोनवर तपासलं. पहिल्या दोघी तर एकाच काळात पुण्यात, १८८२ साली पंडिताबाईंनी आर्य महिला समाज काढला तेव्हा रानडेबाईही त्यात. एका सभेत दोन रमाबाई.

"पन काकू," पोरगं म्हणालं, "रानड्यांच्या रमाबाईचं माहेरचं नाव यमुना होतं, असं दिसून रायलं. मंग हे धरायचं का?"

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. ती कशाची वाट पाहत होती ते मला कळलं. माझ्या गावांत सासरी कोणालाही माहीत नसलेल्या नावानं बायकांना पत्रं यायची. आईला पोस्टकार्ड लिहून देणारा भाऊ जुनंच नाव टाकायचा, आणि पाटलाच्या वाड्यावर जाऊन 'सुमन कोण' विचारलं तर सगळे म्हणायचे, अशी इथं कोणी नाही. चुलीपाशी बसलेली ती तिथंच असायची. सासूसमोर बोलायची नाही. म्हणून मी लग्नाच्या पत्रिका वाटतानाच माहेरचं नाव विचारून घेऊन वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचो. पाच गावांची मिळून तीन पानं होती. खात्यानं तसं करायला कधी सांगितलं नव्हतं.

"धरायचं," मी म्हणालो. "दोन्ही नावं लिही. यमुना खाली, बारीक अक्षरात, पण लिही."

तिचा चहा फुकट झाला. माझे दहा रुपये घेतले.

पाचापैकी साडेतीन द्यावेत असं मला वाटतं. बोंड्याचे दोन, भिंतीचे दीड. आडोसा बांधला आणि तर्री पूर्वीसारखी केली तर वाढवीन. जायचं तर सकाळी नऊच्या आत जा, बोंडे पहिल्या घाण्याचे खा, गुरुवारी गर्दी असते. काल बसमधून जाताना खिडकीतून पाहिलं. चंद्रशेखरांच्या रांगेखाली चार नवे खिळे ठोकलेले आहेत, फ्रेमा अजून यायच्या आहेत.